मोफत पुस्तकं आधी हलकी करा

रायगड जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला खैराट नावाचा धनगरवाडा आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या पोरांच्या हातात २००७ साली हिरवे-पांढरे, खेळण्यातले वाटावेत असे लॅपटॉप पडले. एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटे यांनी जगभर गाजवलेल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ मोहिमेचा भारतातला तो सुरुवातीचा प्रयोग. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानं ही कल्पना आदल्याच वर्षी नाकारली होती. घोषणा शंभर डॉलरची झाली, किंमत जवळपास दुप्पट पडली, आणि काही वर्षांत मोहिमेचा बोलबाला ओसरला. तिच्या अपयशावर पुष्कळ लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं रास्तही होतं.

त्या यंत्राचा पडदा मात्र आजही आठवावा असा आहे. मेरी लू जेपसेन यांनी घडवलेला हा साडेसात इंची पडदा मागचा दिवा बंद केला की भर उन्हात कृष्णधवल वाचता यायचा. १२०० बाय ९०० ठिपके, म्हणजे त्या काळच्या महागड्या लॅपटॉपपेक्षाही अक्षर रेखीव. पडदा फिरवून कळफलकावर उलटा मिटला की यंत्राची पाटी व्हायची. आत मेमरी २५६ एमबी आणि साठवण अवघी १ जीबी. निग्रोपाँटे भाषणांतून एक हिशेब मांडत: एका लॅपटॉपमध्ये शंभर पुस्तकं भरा, गावात शंभर लॅपटॉप द्या, प्रत्येकात पुस्तकं निराळी ठेवा, इंटरनेट नसलेल्या गावात दहा हजार पुस्तकांचं वाचनालय उभं राहतं.

यंत्रं गेली, हा हिशेब शिल्लक आहे. आणि मराठीपुरता तो अजून कुणी नीट करून पाहिलेला नाही.

आज असा लॅपटॉप मुद्दाम बनवावाही लागत नाही. २००७मध्येच एसस या तैवानी कंपनीनं ‘ई पीसी’ आणला: सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, वजन किलोभराच्या आत. त्यानंतर दोन-तीन वर्षं नेटबुकची लाट होती. २०१०मध्ये आयपॅड आला आणि ती विरली. त्या लाटेतली आणि नंतरची लहान यंत्रं आता घरोघरी कपाटात पडली आहेत किंवा लॅमिंग्टन रोडच्या जुन्या मालाच्या दुकानांत रचून ठेवलेली दिसतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवल्यावर त्यांत आणखी भर पडली. इंटरनेटला जोडायचं असेल तर अशी यंत्रं धोक्याची, हे खरं. पण जे यंत्र जाळ्याला जोडायचंच नाही, ज्यात पेनड्राइव्हवरून पुस्तकं घालायची आणि वाचायची, त्याला दर महिन्याच्या दुरुस्त्या मिळाल्या काय आणि न मिळाल्या काय, फारसं अडत नाही. लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसवली तर दहा-बारा वर्षांपूर्वीचं यंत्रही पुस्तक उघडायला पुरून उरतं. अडचण एकच: जुनी बॅटरी बहुधा मेलेली असते आणि वाचकाला भिंतीवरच्या प्लगजवळ बसावं लागतं.

पुस्तकाचं वजन किती, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी धरली तर पाचेक लाख चिन्हं होतात, म्हणजे साधारण दीड एमबी. तीच ईपब स्वरूपात, दाबून बांधली, की तीनेकशे केबीवर येते. या दरानं १ जीबीत तीन हजार कादंबऱ्या मावतात. निग्रोपाँटेंची शंभर पुस्तकं त्या चिमुकल्या साठवणीच्या कोपऱ्यात बसली असती. याउलट त्याच कादंबरीच्या छापील प्रतीचं पानागणिक छायाचित्र काढून पीडीएफ केली, तर एकेका पुस्तकाला वीस, पन्नास, कधी शंभर एमबी लागतात. यंत्र जुनं असेल तर पान उलटायला थांबावं लागतं, आणि मोजून-मापून डेटा वापरणारा वाचक ते उतरवून घेण्याच्याच फंदात पडत नाही.

मराठीतलं बहुतेक मोफत साहित्य या दुसऱ्या प्रकारात अडकलं आहे.

साहित्य कमी आहे असं मुळीच नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीचाही मोठा साठा होता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपल्या संकेतस्थळावर स्वतःची प्रकाशनं मोफत ठेवली आहेत. महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयासारखा ग्रंथ त्यामुळे कुणालाही मिळू शकतो. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं आहेतच, शिवाय १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंकही. ई-साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षं नव्या लेखकांची पुस्तकं वाचकांना फुकट पोचवतं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड तर स्कॅन नव्हे, शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात जाळ्यावर आले. हा अपवाद मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे, कारण त्यानं सिद्ध झालं की मनात आणलं तर मराठीत हे होतं.

कायद्याची अडचणही समजतात तेवढी नाही. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतात. पूर्वी ही मुदत ५० होती, १९९२मध्ये वाढवली. म्हणजे हरी नारायण आपटे, राम गणेश गडकरी, टिळक, राजवाडे, लक्ष्मीबाई टिळक हे सगळे केव्हाच मोकळे झाले. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११पासून कुणीही छापावीत, वाटावीत. मर्ढेकर १९५६मध्ये गेले, ते २०१७पासून मोकळे. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, पण त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२मध्ये, म्हणजे मागाहून आलं. मरणोत्तर प्रकाशनाला प्रकाशनाच्या वर्षापासून मोजायचं असल्यामुळे त्या पहिल्या संग्रहासाठी २०१३ उजाडावं लागलं. अत्र्यांसाठी २०३०पर्यंत थांबायचं आहे. पु. लं.साठी २०६१पर्यंत, तेव्हा आज त्यांची पुस्तकं टेलिग्रामवर ‘मोफत’ फिरतात त्यांना मोफत म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. मराठी प्रकाशकांची आवृत्ती हजार-दीड हजारांची निघते. तिथे अशी एक पीडीएफ लेखकाच्या पोटावर येते. फुकट वाचनाचा कैवार घेणाऱ्यांनी हे आधी मोठ्यानं म्हटलं पाहिजे, नाहीतर प्रकाशक त्यांच्याकडे संशयानंच पाहणार.

तर साहित्य आहे, हक्कही मोकळे आहेत. मग अडलं कुठे?

याचं उत्तर शोधायला १९७१ सालच्या इलिनॉय विद्यापीठात जावं लागतं. ४ जुलैला मायकेल हार्ट या विद्यार्थ्यानं तिथल्या मोठ्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला. त्या यंत्रावर लहान लिपीची अक्षरं नव्हती, म्हणून सगळा मजकूर मोठ्या लिपीत. गुटेनबर्ग प्रकल्प सुरू झाला तो असा. हार्ट २०११मध्ये वारले तोवर, आणि नंतरही, प्रकल्पानं एक हट्ट सोडला नाही: पुस्तक अशा साध्या मजकुराच्या रूपात ठेवायचं की कसल्याही, कितीही जुन्या यंत्रावर ते उघडेल. आज तिथे सत्तर हजारांहून अधिक पुस्तकं आहेत आणि सात इंची ई पीसीवर त्यांतलं कुठलंही क्षणात उघडतं. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्यानं जुळतात. बहुतेक पुस्तकं इंग्रजी आहेत, मराठीचा वाटा नगण्य. भाषेचा दुजाभाव शोधू नये. मराठीतून कुणी मजकूर तयार करून दिला नाही, एवढंच.

आपण पुस्तकांचे फोटो काढले आणि काम झालं असं समजलो. स्कॅन करणं जरुरीचंच होतं; कसरीनं खाल्लेल्या, हात लावला की तुकडा पडणाऱ्या प्रती त्यामुळे वाचल्या. पण फोटोत शोध घेता येत नाही, अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि अंध वाचकाचं यंत्र ते मोठ्यानं वाचून दाखवू शकत नाही. दहा इंची नेटबुकच्या १०२४ बाय ६०० पडद्यावर स्कॅन केलेलं डेमी आकाराचं अख्खं पान मावतं, पण वाचवत नाही. मग वाचक युक्त्या करतात. सुमात्रासारखा हलका वाचक-प्रोग्रॅम घ्यायचा, समास कापून टाकायचे, अर्धं अर्धं पान वाचायचं. कुणी पडदाच नव्वद अंशांत फिरवून लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरतात. कळफलक उजव्या हाताला येतो आणि खालच्या बाणाची कळ अंगठ्याखाली. ऐकायला विचित्र, पण झेपतं. एका फाइल-प्रकाराचा इथे उल्लेख व्हायला हवा. स्कॅन केलेली पानं फार कमी जागेत बसवणारा ‘देजाव्यू’ हा प्रकार १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. करणाऱ्यांत यान लकून होते, जे पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगप्रसिद्ध झाले. इंटरनेट आर्काइव्हनं २०१६मध्ये नवी देजाव्यू फाइल करणं थांबवलं. छोट्या यंत्रांचा एक आधार गेला आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

स्कॅन नसलेल्या पीडीएफचीही एक व्यथा आहे. २०००च्या आगेमागे मराठी छपाई श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांवर चालत होती. त्यांत मराठी अक्षरांच्या जागी आत रोमन चिन्हंच बसलेली असत. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं. एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की उमटतं ते भलतंच. तेव्हा युनिकोड रुळलेलं नव्हतं, त्यामुळे दोष कुणाचा नाही. पण त्या काळची सरकारी प्रकाशनं आजही तशीच चढवलेली दिसतात, तिथे सबब चालणार नाही. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आता मुबलक आहेत.

जुन्या स्कॅनमधून मजकूर काढणंही आता अशक्य राहिलेलं नाही. टेसरॅक्ट हा अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम २००५पासून सर्वांसाठी खुला आहे, त्याला मराठी येतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर तो अडखळतो: ‘ध’चा ‘घ’ करतो, ‘भ’चा ‘म’. त्याहून मोठी गंमत शुद्धलेखनाची. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार पानोपानी असतात. आजचा शुद्धिचिकित्सक त्या सगळ्यांखाली लाल रेघ मारतो. म्हणून शेवटी माणूसच लागतो, आणि तोही जुनी मराठी वाचलेला. मराठी विकिस्रोतावर हेच काम चालतं. एका बाजूला स्कॅनचं पान, दुसऱ्या बाजूला यंत्रानं ओळखलेला मजकूर. स्वयंसेवक ओळ-ओळ ताडून पाहतो. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. हिरव्या पानांचं पुस्तक तिथूनच ईपब करून घेता येतं आणि जन्मभर जवळ ठेवता येतं. काम कष्टाचं आहे, करणारे थोडे आहेत, मोबदला शून्य. राज्याच्या मराठी भाषा विभागानं स्कॅनिंगवर जेवढं लक्ष दिलं, त्याचा काही हिस्सा जरी या मुद्रितशोधनाकडे वळवला, तर पुण्या-मुंबईतल्या निवृत्त प्रूफरीडरांना घरबसल्या मानाचं काम मिळेल. खिळे जुळवण्याच्या काळापासून छापखान्यांत डोळे झिजवलेली ती पिढी हळूहळू संपत चालली आहे.

‘सगळं ऑनलाइन आहे ना, उतरवून कशाला ठेवायचं?’ असा प्रश्न हमखास येतो. ऑनलाइन असलेलं राहतंच असं नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं मूळ संकेतस्थळ बंद पडलं. त्यातला मोठा साठा आज इंटरनेट आर्काइव्हवर दिसतो तो अमेरिकेतल्या कार्ल मालामुद यांनी खटपट करून प्रती काढून ठेवल्या म्हणून. आणि आर्काइव्हवर ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा तेही काही दिवस बंद होतं. विकत घेतलेल्या पुस्तकांची गत वेगळी नाही. जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉननं ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या परस्पर पुसल्या. त्यांत ‘१९८४’ असावी हा योगायोग कुणा विनोदी लेखकाला सुचला नसता. मायक्रोसॉफ्टनं २०१९मध्ये पुस्तकांचं दुकानच बंद केलं, पैसे परत दिले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयही अ‍ॅमेझॉननं काढून टाकली. खिशात पावती आहे आणि पुस्तक दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी ही मालकी. मोफत पुस्तकाचं बरं आहे: त्याची प्रत काढायला कुणाला विचारावं लागत नाही. फक्त ती काढून ठेवलेली हवी.

दुसरा आक्षेप मोबाइलचा, आणि तो वजनदार आहे. वाचणाऱ्याच्या हाती फोन आधीच आहे. लॅपटॉप कोण उघडणार? कथा, कविता, ईपब फोनवर उत्तम वाचता येतात, यात वाद नाही. स्कॅन केलेलं चारशे पानी चरित्र सहा इंचांत वाचणं मात्र शिक्षा आहे. शिवाय फोन घरात बहुधा एक-दोन, त्यावर सगळ्यांचा हक्क आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी वाजणार. जाळ्याला न जोडलेल्या लॅपटॉपवर वाजायला काही नसतं. ई-शाईचे वाचक डोळ्यांना अधिक सुखाचे, पण सहा-सात इंची ई-शाईवर मराठी स्कॅनची तीच रड. ज्या घरात ‘अण्णांना दिसत नाही म्हणून वाचत नाहीत’ असं म्हणतात, तिथे दहा-अकरा इंची पडद्यावर अक्षर दुप्पट करून दिलं की बऱ्याचदा अण्णा वाचतात.

साधनं मोफत आहेत आणि चांगली आहेत. पुस्तकांची मांडामांड, एका प्रकारातून दुसऱ्यात बदल यासाठी कोविद गोयल यांनी २००६मध्ये सुरू केलेला कॅलिबर जगभर वापरतात. किविक्स या प्रोग्रॅमात अख्खा विकिपीडिया एका फाइलीत उतरवता येतो. इंग्रजी चित्रांसह घेतला तर शंभर जीबीच्या आसपास जातो, मराठी साध्या पेनड्राइव्हवर मावतो. शाळेत नेट नसेल तर हा एक विषय गुरुजींपुरता मिटतो.

वाटपाचं जाळंही महाराष्ट्रात तयार आहे, त्याला केबल टाकावी लागत नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालयं आहेत, त्यांत ‘ड’ वर्गाची गावोगाव पसरलेली. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८चं. यांतल्या बहुतेकांची नवी पुस्तकं घेण्याची ऐपत बेताची. प्रत्येकात एक जुना लॅपटॉप आणि त्यात मोकळ्या मराठी पुस्तकांचा एकच जुडगा असावा. सभासद पेनड्राइव्ह आणेल, भरून नेईल. क्यूबात इंटरनेट दुर्मीळ होतं तेव्हा दर आठवड्याला एक टेराबाइटची ‘पाकेते’ हार्डडिस्कवरून हातोहात देशभर फिरायची, चित्रपटांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळं घेऊन. तिथे ती लोकांनी आपापसांत चालवली. इथे सरकारी अनुदानाची यंत्रणा हाताशी असताना पुस्तकांसाठी तेवढं जमू नये असं काही नाही.

त्यासाठी पुढच्या डिजिटायझेशनच्या निविदेत चार ओळी वाढवाव्या लागतील. ठेकेदारानं स्कॅनबरोबर तपासलेला युनिकोड मजकूर आणि ईपब द्यावा. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव देवनागरीत, एकाच पद्धतीनं लिहावं. ‘श्यामची आई’ शोधताना रोमनमधली पाच-सहा स्पेलिंगं करून पाहायची पाळी वाचकावर येऊ नये. सगळा साठा एका खेपेत उतरवता येईल असा दुवा असावा, दर पुस्तकाला नाव-गाव-मोबाइल क्रमांक मागणारा फॉर्म नसावा. आणि पैसे पानांच्या संख्येवर नव्हे, तपासलेल्या पानांच्या संख्येवर मोजावेत. कोणती पुस्तकं घ्यायची यासाठी समिती नेमण्याचीही गरज नाही. ६० वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी लेखकांची यादी कुठलाही ग्रंथपाल दुपारभरात करून देईल, आणि दर १ जानेवारीला तीत नवी नावं येत राहतील. २०२७च्या पहिल्या तारखेला १९६६मध्ये गेलेल्यांची पाळी आहे. त्यांत सावरकर आहेत, तेव्हा त्या दिवशी निदान घोषणांना तरी तोटा पडणार नाही. ईपब कोण करतंय ते पाहायचं.